नव्या घराची चावी हाती घेण्यापूर्वी



१० बाय १२ ची खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी आणि दाराबाहेर सर्वांचा मिळून एक नळ. अशा खोलीत एका तरुण दांपत्याने संसाराची ९ वर्षे काढली. विवाह झाला तेव्हा वडील हयात होते. आता ते नाहीत, आई आहे. मुलगी ७ वर्षांची झाली, मुलगा ४ वर्षांचा. पतीच्या दोघी बहिणी विवाहानंतर आपापल्या घरी नांदत आहेत. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा फ्लॅट ठरला आहे. पुठ्ठ्याची खोकी जमा होत आहेत, भांडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळली जात आहेत, टेम्पोवाल्याशी बोलणे झाले आहे आणि आपली खोली कोणती यावरून मुलांचे भांडण सुरू आहे. हे कुटुंब कोणते, असे विचारू नका. मुंब्र्यात, भिवंडीत, मालेगावात, मिरजेत, सोलापुरात अशी कुटुंबे गल्लोगल्ली आहेत, आणि या ओळी वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना त्यात आपलेच घर दिसेल.

मोठ्या घराची इच्छा धरणे हा दुनियेचा मोह आहे, असे आपल्यातील काही धर्मनिष्ठ मंडळी चटकन बोलून जातात. हे बोलणे बरोबर नाही. प्रशस्त घर, सज्जन शेजारी आणि सुखकर वाहन या गोष्टींची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माणसाच्या सौभाग्यात केली आहे. इतकेच नव्हे, तर हदीसच्या ग्रंथांत प्रेषितांची (स.) एक छोटीशी दुआ आली आहे, तिच्यात घराच्या विस्ताराची मागणी स्पष्ट शब्दांत आहे. जी गोष्ट स्वतः प्रेषितांनी (स.) अल्लाहकडे मागितली, ती मागण्यात आपल्याला संकोच कशाचा?

मात्र त्या दुआचा क्रम पाहण्यासारखा आहे. तिच्यात तीन मागण्या आहेत. पहिली अपराधांच्या क्षमेची, दुसरी घराच्या विस्ताराची आणि तिसरी दिलेल्या रोजीत बरकतीची. घराची मागणी मधोमध आहे. तिच्याआधी क्षमा आणि तिच्यानंतर बरकत. आपण मात्र बहुधा मधलीच मागणी घेऊन बसतो. चौरस फूट किती, कार्पेट किती, बिल्टअप किती, याची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. क्षमेची आठवण घरभरणीच्या दिवशी कुरआनख्वानी ठेवताना झाली तर झाली.

नवे घर घेण्याशी क्षमेचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. संबंध फार जवळचा आहे. अल्लाहच्या हक्कांतील उणिवा अल्लाह आपल्या कृपेने माफ करील. परंतु माणसांच्या हक्कांचा प्रश्न त्या माणसांशीच सोडवावा लागतो. ज्याने आपल्या बांधवावर अन्याय केला असेल त्याने आजच, जेथे दीनार-दिरहम चालणार नाहीत असा दिवस उगवण्यापूर्वी, तो हिशेब मिटवावा, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे. घर बदलताना असे सारे हिशेब एकदम वर येतात. खोली रिकामी करताना पलंगाखालून जशा हरवलेल्या वस्तू सापडतात, तसे हेही.

पहिला हिशेब त्या जुन्या खोलीचाच. ती खोली वडिलांची होती. त्यांच्या पश्चात ती १२ लाखांना विकली गेली आणि ते १२ लाख नव्या फ्लॅटच्या पहिल्या रकमेत भरण्याचे ठरले, असे समजा. हे पैसे कोणाचे? मुलगा म्हणतो, ‘आमचे.’ त्याच्या ‘आमचे’ या शब्दात दोघी बहिणी धरलेल्या नसतात. परंतु सूरह निसामध्ये वारसाहक्काचे हिस्से अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहेत. ते काम त्याने कोणा भावावर वा पंचावर सोपविलेले नाही. वडिलांचे कर्ज व वसीयत बाजूला काढून जे उरते, त्यात आईचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाचे दोन भाग आणि प्रत्येक मुलीचा एक. आजी-आजोबा आधीच वारले असतील आणि कर्ज काही नसेल, तर या १२ लाखांपैकी दीड लाख आईचे, ५ लाख २५ हजार मुलाचे आणि २ लाख ६२ हजार ५०० रुपये प्रत्येक बहिणीचे. म्हणजे ज्या रकमेला तो ‘आमचे’ म्हणतो, तिच्यातील निम्म्याहून अधिक त्याची नाहीच.

येथे नेहमीची उत्तरे तयार असतात. बहिणींच्या लग्नात खर्च केला. त्यांनी मागितले नाही. मागितले तर माहेर तुटेल हे त्यांनाही कळते. यातील शेवटचे वाक्य तर कबुलीच आहे. माहेर तुटण्याच्या भीतीने बहीण गप्प राहते, त्या मौनाला संमती म्हणता येणार नाही. लग्नातील खर्च वडिलांनी आपल्या हयातीत केला असेल तर तो त्यांचा स्नेह. त्याने वारसा फिटत नाही. बहिणीने आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल तर तिने जरूर द्यावा, पण आधी तो तिच्या हाती पडावा, तिच्या खात्यात जमा व्हावा, आणि मग तिने मोकळ्या मनाने परत केला तर ती देणगी. किती बहिणी तो परत करतात, हे तेव्हा कळेल. वारसाहक्काच्या या आयतींच्या शेवटी अल्लाहने या आपल्या ठरविलेल्या सीमा असल्याचे सांगून त्या पाळणाऱ्यांसाठी स्वर्ग आणि ओलांडणाऱ्यांसाठी अग्नी असे दोन्ही निवाडे एकापाठोपाठ ठेवले आहेत. नमाज न चुकविणारी, दाढी राखणारी, हजला जाऊन आलेली माणसेही या ठिकाणी कशी निवांत असतात, हे एक नवलच आहे. कोणाची वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा हदीसमध्ये आहे. बहिणीच्या हिश्श्यावर उभी राहिलेली बेडरूम वीतभरापेक्षा मोठीच असते.

खोली कोणाला विकायची, यालाही शरीयतमध्ये शेजाऱ्याच्या हक्काची बाजू आहे. सहीह बुखारीमध्ये अबू राफे (रजि.) यांचा प्रसंग आहे. ते प्रेषितांनी (स.) मुक्त केलेले गुलाम. साअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात त्यांच्या मालकीच्या दोन खोल्या होत्या. त्या आपण घ्याव्यात, असे त्यांनी साअद (रजि.) यांना सुचविले. साअद (रजि.) म्हणाले, चार हजारांहून अधिक देणार नाही, आणि तेही हप्त्यांनी. अबू राफे (रजि.) यांना बाहेरून ५०० दीनार रोख मिळत होते, म्हणजे साअद (रजि.) देऊ करीत होते त्याहून बरेच अधिक. तरीही त्यांनी त्या खोल्या साअद (रजि.) यांनाच दिल्या, कारण जवळीकीमुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक असतो, हे त्यांनी प्रेषितांच्या (स.) तोंडून ऐकले होते. तसे ऐकले नसते तर या भावात दिल्या नसत्या, हेही त्यांनी स्पष्ट बोलून दाखविले. मला हा त्यांचा मोकळेपणा फार भावतो. आपण मोठे उदार आहोत, असा आव नाही. नुकसान होते आहे हे ठाऊक आहे, ते सांगूनही टाकले आहे, आणि तरीही व्यवहार ऐकलेल्या शब्दाप्रमाणेच केला आहे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या घरात पाच माणसे दाटीने राहत असतील, त्याला तुमची खोली जोडून घ्यायची असेल, तर दलालाकडे जाण्यापूर्वी त्याचे दार ठोठावावे. त्याला झेपले नाही तर तो तसे सांगेल. पण विचारले तर गेले पाहिजे.

बाकीची देणीघेणी लहान असतात, म्हणूनच ती राहून जातात. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीतील शेवटचे पान, सामायिक नळाच्या वर्गणीतील थकलेले दोन महिने, शेजारणीची आणलेली मोठी पातेली, मशिदीच्या ग्रंथालयातून नेलेले पुस्तक, भिशीचे उरलेले हप्ते. हिजरतच्या रात्री प्रेषितांच्या (स.) जिवावर मक्केतील शत्रू टपले होते, तरीसुद्धा लोकांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या अमानती परत करण्यासाठी अली (रजि.) मागे राहिले आणि तीन दिवस थांबून, ज्याची वस्तू त्याला पोचवून मगच मदीनेकडे निघाले. त्या ठेवी ठेवणाऱ्यांत त्यांचे शत्रूही होते. जीव वाचविण्यासाठी गाव सोडतानाही जे टळले नाही, ते टेम्पोची वेळ झाली म्हणून आपण कसे टाळावे?

आता पैशाची गोष्ट. ती टाळून घरावर प्रवचन करणे म्हणजे पाण्याशिवाय वुजू शिकविण्यासारखे होईल. ३० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले तर दरमहा हप्ता सुमारे २७ हजार रुपये बसतो आणि २० वर्षांत जवळजवळ ६५ लाख रुपये भरावे लागतात. म्हणजे एका घरासाठी दोन घरांहून अधिक किंमत. सूरह बकरामध्ये व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह व त्याच्या प्रेषिताकडून युद्धाचा इशारा आहे. इतकी कठोर भाषा फार थोड्या गुन्ह्यांच्या वाट्याला आली आहे. यावर तरुण मंडळी विचारतात, मग सामान्य पगारदाराने घर घ्यायचेच नाही काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊन भागणार नाही. आपल्या देशात बिनव्याजी घरकर्जाची सोय सहजासहजी मिळत नाही. तेव्हा वाटा उरतात त्या कष्टाच्या: दोन बेडरूमऐवजी एकच, स्टेशनपासून थोडे दूर, आणखी चार वर्षे भाड्याचे घर, ज्यात शरीयतच्या दृष्टीने काहीही कमीपणा नाही, बिल्डरकडे बांधकामाच्या टप्प्यानुसार थेट, बिनव्याजी भरणा, आणि नातेवाइकांकडून कर्जे हसना. ज्यांची कर्जे आधीच चालू आहेत त्यांनी जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा आणि ते लवकरात लवकर फेडण्याचा मार्ग धरावा. नवा सोफा त्यानंतर.

कर्जे हसना घेताना मात्र ती लिहून घ्यावी. दिव्य कुरआनमधील सर्वांत मोठी आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही. ती देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार करण्याविषयी आहे. सख्ख्या भावाकडून घेतलेले २ लाख कागदावर आणणे आपल्याला अविश्वासाचे वाटते. खरे तर तो कागद भावासाठी असतो, आणि आपल्या पश्चात आपल्या मुलांसाठीही असतो.

पत्नीच्या दागिन्यांविषयीही दोन शब्द. पहिली रक्कम भरताना तिच्या बांगड्या आणि हार सर्वांत आधी पेढीवर पोचतात. महर आणि तिला मिळालेले दागिने ही तिची मालमत्ता आहे. तिने खुशीने दिले तर पतीने आनंदाने घ्यावे, असे सूरह निसामध्ये आहे. ‘खुशीने’ हा शब्द तेथे विनाकारण आलेला नाही. ते कर्ज आहे की देणगी आहे की घरातील तिचा वाटा आहे, हे त्याच दिवशी ठरले पाहिजे. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणून पुष्कळदा करारनाम्यावर पत्नीचे नाव येते आणि मनात मात्र घर पतीचेच राहते. कागदावर एक आणि मनात दुसरे, अशी मालकी उद्या वारसांना कोर्टाची पायरी चढविते.

एवढे झाले म्हणजे विस्ताराकडे यावे. मोठे घर कशासाठी हवे, याचे उत्तर इस्लामी शिकवणीत आहे आणि ते जाहिरातीतील उत्तरापेक्षा फार निराळे आहे. सूरह नूरमध्ये पहाटेच्या नमाजपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर लहान मुलांनीही आईवडिलांच्या खोलीत परवानगी घेऊन यावे, असे शिकविले आहे. एकाच खोलीत सारे निजत असतील तर मूल परवानगी कोठल्या दारावर मागणार? मुले ७ वर्षांची झाली की नमाज शिकवावी आणि १० वर्षांची झाली की त्यांचे बिछाने वेगळे करावेत, अशी हदीस आहे. त्या मुलीला ७ वे लागले आहे. तेव्हा हे दांपत्य दुसरी खोली मागते ते चैनीसाठी नव्हे. लज्जा आणि मर्यादा यांना भिंतींचाही आधार लागतो. सूरह नहलमध्ये घरांना ‘सकन’ म्हटले आहे, विसाव्याचे स्थान. ‘सकीना’ म्हणजे मनःशांती हा शब्द त्याच धातूपासून येतो.

पण गरज कोठे संपते? बिछान्यांविषयी जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली हदीस या प्रश्नाला चपखल बसते: एक बिछाना पुरुषाचा, एक त्याच्या पत्नीचा, तिसरा पाहुण्याचा आणि चौथा सैतानाचा. तिसरा बिछाना पाहुण्याचा आहे, हे लक्षात घ्यावे. आजच्या फ्लॅटमध्ये नेमका तोच नाहीसा झाला आहे. १० बाय १२ च्या खोलीत गावाकडचे चार पाहुणे आठवडाभर राहत आणि कोणाला अडचण होत नसे. दोन बेडरूममध्ये एक पाहुणा आला तर ‘कोठे झोपवायचे?’ हा प्रश्न पडतो.

आणि आई? मुलांची खोली ठरली, त्यांना निळा रंग की गुलाबी तेही ठरले. आईचे काय, तर ‘ती हॉलमध्ये झोपेल, तिला टीव्हीही दिसेल’. किंवा ‘अम्मीला चार जिने चढवत नाहीत, लिफ्ट सुरू होईपर्यंत ती मोठ्या बहिणीकडे राहील.’ लिफ्ट कधी सुरू होणार, हे बिल्डरलाही ठाऊक नसते. सूरह बनी इस्राईलमध्ये आईवडिलांविषयीची आज्ञा एकेश्वरभक्तीच्या आज्ञेला लागून आली आहे, आणि तेथे ते म्हातारपणाला पोचतात ते ‘तुझ्याजवळ’ असताना. हा एक शब्द पुरेसा आहे. म्हातारपण मुलाच्या जवळ यावे, त्याच्या दृष्टीआड नव्हे. तेव्हा घर पसंत करताना पहिला मजला आईच्या गुडघ्यांसाठी पाहावा, दहाव्या मजल्यावरील वारा नंतर. तिची खाट शौचालयाजवळ आणि तिची नमाजची जागा उजेडात असावी. शिवाय तिला विचारावे. त्या खोलीत तिने पतीसह आयुष्य काढले, तेथून जाताना तिच्या मनाची काय अवस्था आहे, हे खोकी बांधण्याच्या धांदलीत कोणी विचारत नाही.

आकाराच्या बाबतीत मदीनेतील हुजऱ्यांकडे पाहावे. प्रेषित (स.) रात्री नमाजला उभे राहत तेव्हा समोर आयेशा (रजि.) निजलेल्या असत, सजद्याच्या वेळी प्रेषित (स.) त्यांच्या पायांना स्पर्श करीत, त्या पाय आवरून घेत आणि मग सजद्याला जागा होई. हसन बसरी (रह.) लहानपणी त्या घरांत गेले तेव्हा त्यांचा हात छताला लागत असे. पुढे हिजरी ८८ मध्ये, खलीफा वलीद यांच्या काळात, मशिदीच्या विस्तारासाठी ते हुजरे पाडण्यात आले तेव्हा मदीनेचे लोक रडले. सईद बिन मुसय्यब (रह.) यांना वाटले, ते तसेच राहिले असते तर बरे झाले असते, पुढे येणाऱ्यांना प्रेषितांना (स.) किती पुरत होते, हे डोळ्यांनी दिसले असते. हे सांगण्याचा हेतू फ्लॅट सोडून हुजऱ्यात राहा असा नाही. ज्या माणसाने घराचा विस्तार मागितला, त्यालाच इतक्या लहान घरात मनाची कोंडी झाली नाही, एवढेच त्यातून दिसते.

मोहल्ला सोडून जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट. बनू सलिमा या कबिल्याची घरे मशिदीपासून दूर होती, त्यांनी मशिदीजवळ येऊन राहण्याचा विचार केला. प्रेषितांनी (स.) त्यांना आहे तेथेच राहायला सांगितले, त्यांची पावले मोजली जात आहेत, असा दिलासा दिला. मदीनेच्या त्या कडा ओस पडू नयेत, हीही त्यामागची इच्छा होती. आपल्याकडे चार पैसे हाती आले की शिकलेले कुटुंब वस्ती सोडते, आणि मकतबमध्ये संध्याकाळी मुलांना शिकविणारा, रेशनकार्डाचा अर्ज भरून देणारा एक माणूस कमी होतो. जाणे नाजायज नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ जुन्या गल्लीसाठी राखून ठेवता आली तर तिची कड ओस पडणार नाही.

बरकतीविषयी फार लिहायला नको. तिचे मार्ग साधे आहेत. दारावर लिंबू-मिरची, उलटी नाल, भाड्याने आणलेले कुरआन पढणारे, यांची गरज नाही. इत्बान बिन मालिक (रजि.) यांची दृष्टी अधू झाली होती आणि पावसात वाटेतील ओढा भरून त्यांना मशिदीत जाता येत नसे. त्यांनी प्रेषितांना (स.) घरी येऊन नमाज पढण्याची विनंती केली, म्हणजे ती जागा ते नमाजसाठी ठेवतील. प्रेषित (स.) आले आणि बसण्यापूर्वीच त्यांनी विचारले, घरात कोठे नमाज पढावी असे तुला वाटते? नव्या घरात टीव्हीचा पॉइंट ठरण्यापूर्वी हा प्रश्न एकमेकांना विचारावा. आणि सूरह बकरा घरच्यांनीच थोडी थोडी पढावी, अडखळत का होईना.

पहिल्या दिवशी चूल पेटेल तेव्हा रस्सा जरा पातळ ठेवावा. अबू जर (रजि.) यांना तशीच सूचना होती: पाणी वाढव आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. दोन शेजाऱ्यांपैकी कोणाला पाठवू, असे आयेशा (रजि.) यांनी विचारले तेव्हा ज्याचे दार अधिक जवळ त्याला, असे उत्तर मिळाले होते. चौथ्या मजल्यावरचे ते जवळचे दार कदाचित मुस्लिम घराचे नसेल. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा घरात पाऊल टाकताच त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले होते, आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठविले की नाही? शेजारी शाकाहारी असेल तर रश्श्याऐवजी शेवयांची खीर करावी. वाटी ७ वर्षांच्या मुलीच्या हाती द्यावी आणि सोबत आईला पाठवावे, म्हणजे त्या दोघींची नव्या मजल्यावर पहिली ओळख होईल.